एकही घर सोडायचं नाही

मोज्यांच्या कारखान्यात तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेत ती जेमतेम सातवीपर्यंत गेलेली, आणि तिथंही गणिताचा तास आला की तिच्या पोटात दुखायला लागायचं. पण जोडखात्यात सत्तावीस वर्षांत जी जी नवी बाई आली, तिला पहिले सहा आठवडे मास्तरिणीच्या उजव्या हाताला स्टुलावर बसूनच काढावे लागले. कुणी रडत शिकली, कुणी हसत. शिकली नाही अशी एकही नाही.

जोडखात्याचं काम सांगायला सोपं. मोजा विणून यंत्रातून बाहेर पडतो तेव्हा त्याचं बोटांकडचं टोक उघडंच असतं. ते बंद करायचं, एवढंच. बरेच कारखाने ते सरळ शिवून मोकळे होतात. मग आत जाड शिवण राहते आणि दिवसभर बोटांना चावत बसते. इथे तसं नव्हतं. इथे ताटाएवढी चकती सावकाश फिरायची, तिच्या कडेला सुईसारखे बारीक काटे. मोज्याच्या टोकाला विणीचे जे फास असतात त्यांना इथल्या बायका 'घर' म्हणायच्या. वरचं एक घर आणि खालचं एक घर एकाच काट्यावर चढवायचं, की यंत्र दोन्हीतून दोरा ओवून पुढे सरकायचं. एका मोज्याला अशी साठ-सत्तर घरं. एखादं घर सुटलं तर त्या दिवशी कळत नाही. तिसऱ्या धुण्याला भोक पडतं आणि अंगठा बाहेर डोकावून जग बघायला लागतो.

एका सोमवारी मॅनेजरने सगळ्यांना खाली अंगणात बोलावलं आणि हातातला कागद वाचून दाखवला. वाचताना तो दोनदा ओळ चुकला, कारण त्या कागदात त्याचीही नोकरी होती. कारखाना तीन महिन्यांनी बंद होणार. मालकांनी तो परदेशातल्या एका कंपनीला विकला होता आणि त्या कंपनीला इमारत नको होती, माणसं नको होती. जोडखात्यातल्या बारांपैकी दहा चकतीयंत्रं तेवढी हवी होती.

तसं पाहिलं तर कारखाना कधीच पुरता इथला नव्हता. सूत एका देशातून यायचं, यंत्रं दुसऱ्या देशात घडलेली, आणि मोजे तिसऱ्याच देशातल्या थंडीत कुणाच्या तरी पायात जायचे. मधलं काम तेवढं इथलं. आता तेही उचलून दुसरीकडे ठेवणार होते, खुर्ची या खोलीतून त्या खोलीत न्यावी तसं.

मॅनेजरने मास्तरिणीला थांबवून घेतलं.

"बाई, तिकडून एक बाई येतेय. नव्या जागी जोडखातं तीच सांभाळणार. तिला सहा आठवड्यांत काम शिकवायचंय."

"कुणी?"

मॅनेजर कागदाची घडी घालत राहिला. "तुमच्याशिवाय कोण आहे?"

"म्हणजे आमचं काम घेऊन जायला येणार, आणि ते बांधून द्यायचं आम्हीच?"

"तुम्ही नाही म्हणालात तर मी समजू शकतो."

त्याने दरडावलं असतं तर तिने तोंडावर नाही म्हटलं असतं. तो समजू शकतो म्हणाला आणि तिथेच तिची पंचाईत झाली. "बघते," म्हणाली, आणि तिच्या 'बघते'चा अर्थ 'हो' असतो हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

घरी तिचा धाकटा दीर येऊन बसला होता. तो त्याच कारखान्यात रंगखात्यात होता. नखं कायम निळी नाहीतर तपकिरी. बातमी त्याच्यापर्यंत तिच्याआधी पोचली होती.

"वहिनी, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणार तू?"

"न शिकवून कारखाना थांबणारे का?"

"थांबणार नाही. पण तिकडे माल बिघडला तर कळेल तरी, इथे काय होतं ते!" तो पुढे सरकला. "शिकव. सगळं शिकव. फक्त एक गोष्ट हातची राखून ठेव."

कोणती, ते त्याला सांगावं लागलं नाही. बारीक सुताचा मोजा असला की शेवटची चार घरं काट्यावर चढवण्याआधी मास्तरीण चकती हाताने अर्धा काटा मागे घ्यायची आणि दोरा अंगठ्याने किंचित सैल सोडायची. डोळ्याची पापणी लवेपर्यंत होऊन जायचं. तेवढं केलं की शिवण अशी सपाट बसायची की मोजा उलटा करून गालावरून फिरवला तरी लागायची नाही. नाही केलं तर टोकाशी बारीकसा वळ उठायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कामाच्या आठव्या-नवव्या वर्षी तिच्याच हाताला सापडलं होतं, आणि तेव्हापासून बारीक सुताचे मोजे तिच्याच यंत्रावर यायचे.

तिचा नवरा आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला, कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होता. त्याने वर बघितलं नाही. पण पानही उलटलं नाही.

पाहुणी आली ती दोन पिशव्या आणि एक दुभाष्या घेऊन. वय पस्तीस-छत्तीस, अंगकाठी किरकोळ, केस घट्ट बांधलेले. सगळ्या बायका बघून न बघितल्यासारखं करत होत्या. पाहुणीने मान लववून सगळ्यांना नमस्कार केला. कुणीच ओ दिली नाही, तशी ती निमूट स्टुलावर जाऊन बसली. मास्तरिणीने तिचे हात बघितले. बोटांच्या टोकांना जुने घट्टे होते. म्हणजे ही काम केलेली आहे, नुसती साहेबीण नाही. हे कळल्यावर तिच्यावर राग धरणं थोडं अवघडच झालं.

दुभाष्या चार दिवसांत परत गेला. त्यानंतर दोघींच्यामध्ये उरला तो पाहुणीचा फोन. एकीने त्यात बोलायचं, मग तो दुसरीच्या भाषेत बोलायचा. मराठी बोलताना त्या फोनचा थाट असा, की जणू एखादा जुना हेडमास्तर आत कोंडून ठेवलाय. पाहुणीला पाणी हवं असलं की तो म्हणायचा, "कृपया मला जलपान करण्याची अनुमती द्यावी." बायका तोंडात पदर कोंबून हसायच्या. हसता हसता रुसवा थोडा सैल झाला.

दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी पाहुणीच्या मोज्यात तीन घरं सुटलेली सापडली. मास्तरीण तापली. फोन तोंडाजवळ धरून तिने ठणकावून सांगितलं, "एकही घर सोडायचं नाही! काही झालं तरी सोडायचं नाही. कळलं?"

फोन बोलला. पाहुणीचा चेहरा उतरला. तिने मान हलवली.

सोमवारी ती आली ती पांढरीफटक. स्टुलावर बसताना तिचा तोल गेला.

"काय झालं गं? बरं नाही का?"

पाहुणी फोनमध्ये काहीतरी बोलली आणि फोनने जाहीर केलं, "मी आपल्या आज्ञेचे पालन केले. काल मी घर सोडले नाही. परंतु तेथे भोजन उपलब्ध नव्हते."

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग तिसऱ्या यंत्रावरची बाई किंचाळली, "अगं बाई! ही खोलीत बसून राहिली! दिवसभर!" सगळं खातं खो खो हसायला लागलं. ती उतरली होती त्या गेस्टहाऊसचं स्वयंपाकघर रविवारी बंद असायचं आणि पाहुणीने बिस्किटांच्या एका पुड्यावर दिवस काढला होता. परक्या देशात मास्तरीण ओरडून सांगते आहे त्याअर्थी बाहेर काहीतरी धोका असणार, असं धरून. मास्तरीणही हसत होती. हसता हसता तिचे डोळे कधी भरून आले ते तिलाच कळलं नाही. तिने स्वतःचा डबा उघडून पाहुणीच्या पुढ्यात सरकवला आणि पुढच्या रविवारी तिला घरी जेवायला बोलावलं.

जेवायला साधंच होतं: गरम भात, बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी. नवऱ्याने फोनमधून तिला बसच्या गोष्टी ऐकवल्या. फोनने त्यांचं काय केलं देव जाणे, पण पाहुणी पोट धरून हसत होती. तिने आपल्या मुलीचा फोटो दाखवला, आईचा दाखवला. आईच्या दोन्ही डोळ्यांवर पांढुरका पडदा होता.

तेवढ्यात दीर दारात आला. पाहुणीला बघून तो उंबऱ्यावरच थबकला.

"जेवायलाही घालतेस, वहिनी?"

"ये, तूही बस."

"माझं पोट भरलंय," म्हणाला आणि आल्या पावली परत गेला. पाहुणीने काय झालं ते विचारलं नाही. ताटातला भात मात्र तिने सावकाश, फार सावकाश संपवला.

पाचव्या आठवड्यापर्यंत पाहुणीचा हात बसला. घर सुटणं थांबलं, वेग आला. फक्त बारीक सुताच्या मोज्याला टोकाशी वळ उठायचा. ती मोजा उलटा करून मनगटाच्या आतल्या बाजूवर घासायची, मग मास्तरिणीचा मोजा घासायची, मग स्वतःचा उसवून पुन्हा चढवायची. दिवसातून दहा वेळा. मास्तरीण तिच्याकडे न बघता आपलं काम करत राहायची, आणि ती विशिष्ट हालचाल आली की कोपर जरासं आडवं धरायची, म्हणजे अंगठा दिसू नये.

एके दुपारी बाकीच्या बायका जेवायला गेल्या होत्या. पाहुणी उठली नाही. हातातला उसवलेला मोजा मांडीवर ठेवून ती फोनमध्ये बराच वेळ हळू आवाजात बोलली. मग फोन दोघींच्यामध्ये ठेवला.

"मला ज्ञात आहे की काहीतरी शिल्लक आहे," फोन म्हणाला. "मी विचारणार नाही. पूर्वी मी चामड्याचे हातमोजे शिवत असे. तो कारखाना आमच्याकडून दुसऱ्या देशात गेला. तेथून एक मुलगी शिकण्यास आली. मला क्रोध आला होता. मी तिला एक गोष्ट शिकवली नाही. तिकडे माल परत येऊ लागला. ती मुलगी मला रोज दूरध्वनी करत असे. मी उचलला नाही. नंतर तिला कामावरून काढून टाकले, असे मला समजले. मालकांचे काहीही बिघडले नाही. त्यांनी दुसरी मुलगी आणली."

फोन थांबला. पाहुणी उठून हात धुवायला गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

 इतके दिवस मास्तरिणीच्या मनात कुठेतरी एक मोठा मालक होता, कोट घातलेला, चेहरा नसलेला, आणि ती त्याच्यापासून काहीतरी लपवून ठेवत होती. आता बघावं तर त्या कोटाच्या जागी ही किरकोळ अंगाची बाई उभी. तिची आंधळी होत चाललेली आई उभी. त्या कोटवाल्याला मोज्याचं टोक कसं असतं हेसुद्धा ठाऊक नसणार.

बायका जेवून परतल्या. पाहुणीही येऊन बसली. मास्तरिणीने तिचं स्टूल ओढून डाव्या हाताला घेतलं, जिथून अंगठा दिसतो तिथे.

"बघ," म्हणाली. फोनची गरज लागली नाही. चकती अर्धा काटा मागे. दोरा सैल. चार घरं. पुन्हा एकदा, सावकाश. मग पाहुणीचा अंगठा स्वतःच्या बोटांत धरून दोऱ्यावर ठेवला. "हं. एवढाच. जास्त नाही."

तिसऱ्या यंत्रावरची बाई कामावरचा हात थांबवून बघत होती. "मास्तरीण, ते पण दिलंस?"

"शिकवायचं तर पुरतं शिकवीन. नाहीतर पहिल्या दिवशीच नाही म्हणायला हवं होतं," मास्तरीण म्हणाली. तिचा आवाज जरा चढलाच, कारण ती स्वतःलाही बजावत होती.

संध्याकाळपर्यंत दिराला कळलं. त्याने बोलणं टाकलं. घरासमोरून जाताना तो रस्त्याची दुसरी बाजू धरायला लागला. मास्तरिणीला ते लागलं. त्याच्या लग्नात त्याचे बूट तिनेच पुसले होते. पण समजूत काढायला ती गेली नाही. कारण तो खोटं कुठे बोलत होता? त्याची पंधरा वर्षं जात होती आणि कुणीतरी ओरडायला हवं होतं.

शेवटच्या आठवड्यात पाहुणीला बारांतली दहा यंत्रं निवडायची होती. मॅनेजर कागद घेऊन मागे, ती खडू घेऊन पुढे. प्रत्येक यंत्र चालवून बघायची, कान लावून ऐकायची आणि खडूने खूण करायची. दात तुटलेलं अकरावं यंत्र तिने सोडलं, ते बरोबरच होतं. नववं चालताना खोकल्यासारखा आवाज करायचं. तेही तिने घेतलं. राहता राहिलं मास्तरिणीचं. पाहुणीने ते चालवलं, बंद केलं, आणि खडू खिशात टाकला.

मॅनेजर गडबडला. "अहो, हे तर सगळ्यात चांगलं यंत्र आहे! एका हातावर चाललेलं, जपलेलं..."

पाहुणीने फोन पुढे धरला. "या यंत्राचा स्वभाव मला मान्य नाही," हेडमास्तर म्हणाला.

कुणीतरी फिसकन हसलं. मॅनेजर पाहुणीकडे बघत राहिला, मग मास्तरिणीकडे. मग त्याने मान खाली घालून कागदावर 'अयोग्य' असं लिहिलं, आणि चष्मा काढून उगाचच पुसला. "दोन यंत्रं भंगारात काढावी लागतील," तो म्हणाला. "बाई, भंगारवाल्याला फोन करू, की तुमच्या ओळखीचं कुणी आहे?"

 मास्तरिणीने छातीवर हात ठेवला, आपल्याकडे बोट दाखवल्यासारखं.

जाण्याच्या दिवशी पाहुणीने तिला मिठी मारली. फोन पिशवीत तळाशी गेला होता, म्हणून दोघी आपापल्या भाषेत बोलल्या. काय बोलल्या ते दोघींनाही सांगता यायचं नाही.

यंत्र टेंपोतून आणलं, पण जिन्याने वर न्यायला चौघं लागणार आणि होते तिघं. नवरा, टेंपोवाला आणि मॅनेजर स्वतः. पहिल्याच वळणावर अडलं. तेवढ्यात खालून कुणीतरी चढत आलं, आणि निळ्या नखांचा एक हात यंत्राच्या पायाखालच्या लोखंडाला लागला.

"दादा, तू सोड, तुझी कंबर जाईल," दीर म्हणाला. "वहिनी, दाराची कडी काढ आधी." आणखी काही बोलला नाही. वर येऊन पाणी मात्र दोन ग्लास प्यायला.

पुढचे महिने खडतर गेले, ते खोटं कशाला सांगा. कारखान्यातल्या बायका पांगल्या. कुणी म्हाताऱ्या माणसांच्या सोबतीला राहिली, तिघी पार्सलच्या गोदामात गेल्या. तिथे परदेशातून आलेल्या खोक्यांवर पत्ते चिकटवायचे. दीरही तिकडेच लागला. एका खोक्यात मोजेच निघाले, सहा जोड एकत्र बांधलेले, तेव्हा त्याने ते जमिनीवर आपटले आणि मग स्वतःच उचलून, झटकून, पत्ता चिकटवला. मास्तरीण एका शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होती. यंत्र पुढच्या खोलीत चादर पांघरून बसलं होतं आणि नवरा त्यावर चहाचा कप ठेवायचा, म्हणून रोज त्याला बोलणी बसायची.

मग एक दिवस दारावर अनोळखी बाई आली. पायांच्या दवाखान्यातली नर्स. साखरेच्या आजाराने ज्यांच्या पायाची जाणीव जाते, त्यांना शिवणीचा साधा वळही घात करतो. जखम होते आणि कळतही नाही. या माणसांना ती वर्षानुवर्षं याच कारखान्याचे मोजे घ्यायला सांगत आली होती. आता बाजारात तसे मिळेनात. ती बंद कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली, तिथल्या पहारेकऱ्याने हा पत्ता दिला.

"टोक न जोडलेले मोजे मला एका विणकामवाल्याकडून मिळतात," नर्स म्हणाली. "जोडून द्याल?"

मास्तरिणीने यंत्रावरचा कप उचलला आणि चादर ओढून काढली.

पूर्वीच्या पगाराच्या आसपासही ते काम जात नाही. शाळेतली भांडी अजून सुटलेली नाहीत. पण आठवड्यातून दोन दिवस तिसऱ्या यंत्रावरची बाई येते, आळीपाळीने दोघी बसतात, आणि दवाखान्यातून एकदा एक म्हातारे गृहस्थ जिना चढून फक्त एवढंच बघायला आले, की हे करतं कोण.

एका रविवारी सकाळी फोन वाजला. पाहुणी. तिच्या मागे लांबलचक दालन आणि नव्या बायका. सगळ्या एकदम हात हलवायला लागल्या. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि आई आता सुनेच्या, शेजारणीच्या, सगळ्यांच्या घरातली धूळ दाखवत फिरते, असं फोनने कळवलं. मुलगी म्हणते, मी हे काम मेले तरी करणार नाही. मालकाला वेग हवाय. स्वस्तातले मोजे सरळ शिवा म्हणतो. भांडून भांडून तिने चारच यंत्रं नाजूक कामासाठी राखून घेतली होती. पुढच्या वर्षी काय, ते तिला माहीत नव्हतं.

"आपले कसे चालले आहे?" हेडमास्तरांनी विचारलं.

"दोरा तुटतो गं," मास्तरीण म्हणाली. "हे नवं सूत मेलं कोरडं आहे. दहा घरं झाली की तुटलाच."

पाहुणीने ऐकून घेतलं आणि तिथल्या तिथे उठली. कुठूनतरी मेणबत्तीचा तुकडा घेऊन आली. दोरा त्यावरून ओढून दाखवला, एकदा, दोनदा, मग चिमटीत धरून पुसून घेतला. हातमोजे शिवताना ती असंच करायची. चामड्यातून दोरा सरसर जावा म्हणून.

"हळू," ती म्हणाली. फोनमधून नाही, स्वतःच्या तोंडाने, मराठीत. "जास्त नाही."

मास्तरिणीने नवऱ्याला मेणबत्ती आणायला पिटाळलं आणि फोन खिडकीत टेकवून ठेवला. चकती फिरायला लागली. दहा घरं झाली, वीस झाली. दोरा तुटला नाही. पलीकडे पाहुणी आणि तिच्या बायका डोकी एकत्र करून बघत होत्या. चौतिसाव्या घराला मास्तरीण फोनकडे न बघता हसली, आणि मंगळवारी नर्सकडे चाळीस जोड वेळेवर गेले.